सैल होणारा कोट

५ जून
कापड बाहेर काढलं एकदाचं! राखाडी लोकर, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तेव्हापासून ट्रंकेत. साऱ्या गावाचे कोट शिवले, स्वतःचा राहिला — कधी गिऱ्हाईक आडवं आलं, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसताच आळस. आता नाही शिवला तर मेल्यावर शिवणार का?

धाकट्या भावाने माप घेतलं. पाठीचं माप शिंप्यालाही स्वतःचं घेता येत नाही. टेप धरून म्हणतो, "दादा, माझ्या मापाचा शिव, दोघं मिळून घालू." त्याच्या एका मांडीत माझी कंबर मावते. हसलो. पण नजर कापडावर होती त्याची.

२ जुलै
कच्च्या टाक्यावर घालून पाहिला. असा बसला की मलाच माझा हेवा वाटला. जेवायला बसलो तेव्हा ही म्हणाली, "शोभतोय. पण अहो, एकदा डॉक्टरकडे जाऊन या ना. जेवण किती कमी झालंय तुमचं." लागला घासात खडा. ताट सरकवून उठलो. हिला कोटावर जाणारा वेळ खुपतो, दुसरं काय.

३० जुलै
शाळेच्या गणवेशांची घाई. कोट दुकानात खुंटीवर.

२१ ऑगस्ट
खांदे उतरले. छातीलाही सैल. मी शिवलेला कोट, आणि सैल?

धाकट्याचंच काम. उसवून वाढवला असणार, स्वतःला होतो का बघायला. विचारलं तर, "मी कशाला हात लावू?" चेहरा इतका साळसूद की संशय पक्का झाला. शिवण तपासली. टाके माझ्याच हातचे. म्हणजे माझ्यासारखे टाके घालायला शिकलाय. शिकवले कोणी? मीच.

२२ ऑगस्ट
आत घेतला.

१४ सप्टेंबर
पुन्हा सैल. बस झालं. कोट आता घरच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

संध्याकाळी धाकटा आणि ही दारात कुजबुजत होते. मी दिसताच ही म्हणते, "काही नाही, दुधाचं." दुधाचं काय कुजबुजायचं? कुठंतरी पाणी मुरतंय. मीही मग आज पुन्हा आत घेतलेल्या शिवणीवर खडूची बारीक रेघ मारून ठेवली. बघू कोण पुसतं.

५ ऑक्टोबर
कपाट बंद. किल्ली माझ्याकडे. रेघ जागच्या जागी. तरी कोट लोंबतोय!

आरशासमोर एक वाईट विचार आला — मीच तर उतरलो नाही ना? बाबा तसेच झिजत गेले होते. शेवटी पट्ट्याला रोज नवं भोक. घाबरत घाबरत पँट चाचपली. कमरेला चोख. शर्टही बेताचा. पट्टासुद्धा लागत नाही मला. पँट बसते म्हणजे अंग तेच, आणि अंग तेच म्हणजे कोटालाच कोणीतरी हात लावतंय. जीव भांड्यात पडला. मग रागही आला.

१२ ऑक्टोबर
शेजारीण सहज बोलून गेली, "वहिनींनी शिवणकाम घेतलंय वाटतं? दुपारी मशीनचा आवाज असतो." मला घरात कोणी एक अक्षर बोललेलं नाही. म्हणजे धाकटा नव्हेच, ही! दुसरी किल्ली करून घेतली असणार. एवढी वर्षं रखडलेला कोट होऊ द्यायचा नाही हिला. का, ते देव जाणे. उद्या भर दुपारी घरी येऊन धडकतो.

१३ ऑक्टोबर
धडकलो. ही मशीनवर. मला बघून हातातलं कापड पाठीमागे लपवलं. मी ओढून घेतलं.

माझी पँट. कंबर आत घेत होती. शेजारी माझे शर्ट, टाचण्या लावलेले. टीप इतकी सरळ की मलाही कळली नव्हती.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठायचात. कपडे सैल झालेले दिसले असते तर बाबांच्या आठवणीनेच खचला असतात. म्हटलं, निदान कोट तरी सुखाने होऊ दे."

टेप हिच्या हातात दिली. हिने छातीचं माप घेतलं. आकडा सांगितला नाही. मी विचारला नाही.