बाबांची सीट

३ ऑक्टोबर, मंगळवार
दादाने फर्मान काढलं – गवत कापायचं ते बसून चालवायचं यंत्र रविवारी भंगारात! "चौदा महिने धूळ खातंय. कशाला कवटाळून बसायचं?" बाबा खिडकीशी पेपर वाचत होते. पान उलटलं, बस्स. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे असंच. उंबरा ओलांडायचं नाव नाही.

मी म्हटलं, चालू करून दाखवते. इंजिनाचा आवाज कानावर पडला तर बाबा पायऱ्या उतरतील – हे मात्र मनातच ठेवलं.

४ ऑक्टोबर
ताडपत्री काढली. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी थाटलेला संसार! कापूस, सुतळी आणि माझा हरवलेला अर्धा मोजा. टाकीतलं पेट्रोल सडून चिकट झालेलं. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, तोही जेवणाच्या टेबलावर. वहिनीने नुसतं बघितलं. मी मुकाट्याने टेबल दोनदा पुसलं.

५ ऑक्टोबर
नवी बॅटरी, नवा प्लग, ताजं पेट्रोल. शेजारी उभं राहून एका पायाने ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही! खिडकीतून बाबा म्हणाले, "असं होणार नाही." खुर्चीतून उठायला लागले. मी ओरडले, "उठू नका बाबा, मी बघते!"

६ ऑक्टोबर
नाक्यावरच्या स्कूटर मेकॅनिकला पकडून आणलं. तो सीटवर टांग टाकणार इतक्यात मी किंचाळले, "अहो, तिथे नको! बाबांची सीट आहे ती." लहानपणी तिच्यावर चढलो म्हणून दादाने आणि मी धपाटे खाल्लेत. अजून कोणाची हिंमत नाही. बिचारा वाकून वाकून वायरी तपासत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, स्टार्टर गेला असेल. यापुढे माझी अक्कल चालत नाही."

खिडकीत बाबा हसत होते. हो, चक्क हसत! इतका राग आला की जेवलेच नाही. अर्ध्या तासाने जेवले.

७ ऑक्टोबर
हरले.

८ ऑक्टोबर, रविवार
भंगारवाल्याने दोर बांधला. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात मागे वॉकरची ठकठक – बाबा! एकेक पायरी उतरत आले. दादा धावला. त्याच्या खांद्याला धरून सीटवर चढले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली.

आधी खोकला, मग काळा धूर, मग धडधड धडधड! भंगारवाला दोर टाकून मागे सरकला.

"सीटखाली स्विच असतो!" बाबा त्या आवाजातही ओरडून सांगत होते. "माणूस बसल्याशिवाय उठत नाही ते!"

दादा आणि मी पोट धरून हसलो. मी थोडी रडलेही. अर्धं अंगण कापून झालं तरी बाबा उतरायला तयार नाहीत.

९ ऑक्टोबर
चहा देताना विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"चौदा महिने सगळे म्हणताय, बाबा उठू नका. म्हटलं, बघू तरी, 'या' कोण म्हणतं ते."