राजाची एक उडी

१२ जाने., सोम.
दादाचा नागपूरहून फोन. "बाबाचं डोकं आता चालत नाई. इकडं वृद्धाश्रम पाहून ठेवला." पाहून ठेवला म्हणे! प्लॉट पाहून राह्यला का? मी म्हटलं, पुलगावले ये, त्यायच्यासमोर बस, बुद्धिबळाचं दोन चालीत मातचं कोडं टाक, मग बोल. तर म्हणतो, "ठीक हाय. रविवारी येतो. सोडवलं त राहू दे, नाई त घेऊन जातो." बापावर शर्त! आन् मी हो म्हटलं. मी पन तशीच मूर्ख.

१३ जाने.
ड्युटीवरून आली, पेपरातलं कोडं पटावर मांडलं. सोपं. पांढरा हत्ती एक घर सरकवला की पुढच्या चालीत मात. बाबा बराच वेळ पाहत बसले. "मात नाई होत." होते ना बाबा! "नाई होत." चहा तसाच सोडून अंगणात. डोस्कंच फिरलं माझं.

१४ जाने., संक्रांत
आणखी दोन कोडी. दोन्हीले तेच, "मात नाई." ओरडली मी. जोरात. शेजारची काकू तिळगूळ घेऊन दारातच थांबली. गोड बोलायच्या दिवशी बापावर खेकसणारी पोरगी! रडली नाई. रडायचं दादानं.

१६ जाने.
आज विचारलं, काऊन नाई होत? (आधी विचारायले काय झालतं मले?) बाबानं काळा राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं बाहेर नेऊन ठेवला. "याले अजून शह लागला नाई. एक उडी बाकी हाय याची."
अरे देवा. देशी खेळ! गावात पारावर म्हातारे खेळत तो. शह लागायच्या आधी राजाले एकदा घोड्याची चाल. तिन्ही कोडी परत मांडली. देशी नियमानं तिन्हीत बाबा बरोबर. हसू आलं.
मग हसू गेलं. "देशी विसरा, स्पर्धेत चालत नाई," हे आम्हा दोघाले शिकवलं कोनं? यायनंच. आन् आता त्यायलेच...

१७ जाने.
दादाले फोनवर सांगितलं. "म्हणजे नियम विसरले. तेच त म्हणून राह्यलो मी." फोन कट केला. खोटं बोलला असता त बरं झालं असतं.
मग बसून कोडी शोधली, पहिलीच चाल शहाची असलेली. शह लागला की उडी संपली! बाबानं त्यातलं एक पाहता पाहता सोडवलं. उद्या हेच मांडायचं म्हटलं. लबाडी त लबाडी.

१८ जाने., रवि.
दादा आला. माझं कोडं पाहिलंच नाई त्यानं. "मी आणलं," म्हणे, मोबाइलमधलं. मांडलं. पहिली चाल साधी. शह नाई.
बाबा: "मात नाई होत."
दादानं माझ्याकडं पाहिलं. थोबाडीत द्यावी वाटली. बाबानं काळा राजा उचलला. पटावर ठेवला नाई, मुठीत धरला. "याची उडी बाकी हाय."
दादा: "बाबा, राजा द्या. झालं आता."
"तुले कोनं सांगितलं झालं म्हणून?"
मी म्हटलं, दादा, जेवून घे आधी. गाडी फाटकात उभी, बाबाची बॅग सोफ्यावर. दोघंही माझ्याकडं पाहून राह्यले. पानं वाढली.
मूठ सोडली नाई बाबानं. डाव्या हातानं जेवले.