डाव्या हाताचं घर

४ जुलै

ती. दादास,
सा. न.

चित्रकलेची बाई म्हणून लागले त्याला महिना झाला. वर्गात एकतीस पोरं आहेत, फळा आहे, आणि रंगांच्या नावाने शंख! तुमच्या खात्याच्या बालकला योजनेतली रंगपेटी कुठे अडली आहे ते जरा बघ ना. नाहीतर एवढा दादा खात्यात असून काय उपयोग?

दुसरीतल्या एका चिमुरडीला सगळे मुंगी म्हणतात. परवा तिने विटेचा चुरा पाण्यात कालवून फरशीवर चाकं असलेली कोंबडी काढली. उजवा हात कोपरापर्यंत लाल! ओरडायला गेले आणि बघतच बसले.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शेंडेफळ

११ जुलै

चि. शेंडेफळास,
अ. आ.

नियम असा आहे, की शाळेने आधी मुलांची दहा रंगीत चित्रं पाठवायची, मग पेटी निघते. रंगांशिवाय ती काढायची कशी, हे मला विचारू नकोस. मी फक्त शिक्के मारतो.

लहानपणी तू डाव्या हाताने माझा गृहपाठ लिहायचीस आणि एकाही मास्तराला संशय आला नाही. मी काही सुचवत नाहीये हं. सहज आठवलं.

तब्येतीला जप.

दादा

२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तुला सहज आठवलेलं मी करून बसले. माझेच जुने रंग, तीन संध्याकाळी, दहा चित्रं, सगळी डाव्या हाताने. नदीकाठचं घर बरं जमलं, त्याखाली मुंगीचं नाव घातलं. मनगट ठणकतंय. आता पेटी आली नाही तर तुझी खैर नाही.

शेंडेफळ

३० ऑगस्ट

चि. शेंडेफळास,
अ. आ.

पेटीसाठी आलेल्या सगळ्या शाळांच्या चित्रांची खात्याने स्पर्धा लावली, आणि नदीकाठच्या घराला पहिलं बक्षीस मिळालं! परीक्षक म्हणाले, ही मोकळी रेघ डावखुऱ्या मुलाचीच. मीही हुरळून अहवालात ठोकून दिलं, की मुलगी जन्मापासून डावखुरी आहे. पत्रकं छापून झाली.

आता मंत्रीसाहेब म्हणतात, बक्षीस समारंभात तिने तेच चित्र त्यांच्यासमोर काढावं. पेटी त्याच दिवशी तुमच्या शाळेला देणार आहेत. खरं सांगायला दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तुझी नोकरी कच्ची, माझी दोन वर्षं उरलेली. काहीतरी कर गं.

दादा

९ सप्टेंबर

दादा,

नमस्कार करायचीही इच्छा नाही. काय करून ठेवलंस रे! आणि मी तरी काय करून ठेवलं?

रोज मधल्या सुट्टीत मुंगीला घेऊन वर्गात कोंडून घेते. उजवा हात मांडीखाली दाबून ती डाव्याने तेच घर काढते. बाहेर पोरं खेळत असतात. मी तिला सांगितलं की हा एक खेळ आहे. ती म्हणाली, खेळ असता तर बाई हसल्या असत्या.

काल मुख्याध्यापकांना सांगायला उठले होते. ते पेटीसाठी कपाट रिकामं करत होते, भोवती एकतीस पोरं नाचत होती. तशीच बसले. तोंड उघडलं तर पोरांचे रंग जातात, नाही उघडलं तर हिचा हात जातो. मी पुरती अडकले आहे रे.

शेंडेफळ

२८ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

समारंभ निर्विघ्न पार पडला. मुंगीने घर हुबेहूब काढलं, टाळ्या झाल्या. तू मागच्या रांगेत मान खाली घालून उभा होतास ते दिसलं मला.

आज कपाट उघडलं. पोरांना सांगितलं, काय हवं ते काढा. नुसता गोंधळ, सगळ्यांची नाकं निळी! मुंगी मात्र कोऱ्या कागदापुढे बसून होती. मी शेजारी बसून म्हटलं, आपली कोंबडी काढ ना, चाकांची. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, की कोणत्या हाताने काढू.

दादा, मी पेटीतला ब्रश तिच्यापुढे धरला. तिने मग डाव्या हाताने नदी काढायला घेतली.

तुमच्या खात्याचा फॉर्म आला आहे. योजनेमुळे मुलांमध्ये काय फरक पडला, असा एक रकाना आहे त्यात. काय लिहू, तेवढं कळव.

जमलं तर माया ठेव.

तुझी,
शेंडेफळ