छापखान्याचा पत्ता आणि आपला टीव्ही

बाबा,

सापडलं. काकांनी तुम्हाला छापखान्याच्या कॉम्प्युटरमधून हाकललेलं नाही. १९२.१६८ने सुरू होणारे नेटवर्कवरचे पत्ते कुणीही आपापल्या चार भिंतींत वापरावेत म्हणून मोकळे ठेवलेले असतात. ते छापखान्यातही होते आणि आपल्याकडेही. तिथल्या कॉम्प्युटरचा जो पत्ता, तोच आपल्या टीव्हीचा. म्हणजे पंधरा दिवस घरी बसून तुम्ही आपल्याच टीव्हीचं दार ठोठावत होतात, आणि शिव्या मात्र काकांना.

आज मी घरातले पत्ते बदलून १०ने सुरू होणारे लावले आणि पहिल्याच फटक्यात तिथल्या फायली उघडल्या. नाचताना चहा सांडलाय, तेवढा पुसा. मी पळते.

काकांना फोन तुम्हीच करा. तुमचा पासवर्ड त्यांनी बदललेलाच नाही. अजून आजीचंच नाव आहे.

चिमणी