न हललेला पेला

४ मुहर्रम
नवऱ्याने, खलफानने, खजुराच्या झाडावरून उतरताना कोयता पायावर पाडून घेतला. रक्त थांबेना! मामंजींनी चुलीत सळई तापवली. आमच्याकडे डाग घेणाऱ्याच्या हातात कॉफीने भरलेला पेला देतात — सांडला की जन्मभर चिडवतात. शेजारचा सुवैद अजून ऐकून घेतोय.

नवऱ्याचा पेला हललासुद्धा नाही! चर्र आवाज झाला, वास सुटला, मी तोंड फिरवलं — आणि हा सुवैदला विचारतो, "काय रे, तुझी बकरी व्याली का?" सगळे खो खो हसले. मामंजी म्हणाले, "पोरगा कुणाचा!" खरं सांगते, माझीही छाती फुगली.

९ मुहर्रम
जखम वरून सुकली. पण पाणी किती पितो हा! लघवीला सारखा जातो, न्हाणीत मुंग्या लागल्यात.

१३ मुहर्रम
चुलीतून उडालेल्या निखाऱ्यावर खलफान उभा होता. मी ओरडले, "अहो, पाय!" तर म्हणतो, "काय झालं पायाला?" मामंजींना सांगितलं. "सिंहाचं काळीज आहे त्याचं!" म्हणाले. मी म्हटलं, शूर माणसालाही चटका कळतो. "सूनबाई, तू भाताकडे बघ."

१७ मुहर्रम
बोटं काळी पडलीत. हा वास डागाचा नाही. मामंजींनी पुन्हा डागलं. पेला तसाच स्थिर — या वेळी कुणी हसलं नाही. मी शहरात न्यायचा हट्ट धरला. "गावाला डागतो मी! मुहन्नाच्या सळईला गुण नाही म्हणतील लोक!" मामंजी कडाडले. मग खलफानच हळूच म्हणाला, "बाबा, मला खरंच काही जाणवत नाही. पहिल्या दिवशीही जाणवलं नव्हतं."

मामंजींनी सळई खाली ठेवली. उद्या सकाळी निघायचं.

१९ मुहर्रम
रक्तात साखर. पायाच्या नसा कधीच्याच मेल्यात. डॉक्टरीणबाई चिडल्या — "दुखलं नाही, तेव्हाच आणायचा! आणि तुम्ही कौतुक करत बसलात?" गुडघ्याखाली डावा पाय कापला.

११ सफर
तीन आठवड्यांनी आज घरी आणलं. मामंजींनी स्वतः कॉफी ओतून दिली. एक घोट घेतला न घेतला, पेला हातातून उडाला. खलफान माझ्याकडे बघत किंचाळला, "झुवैना! पायाला आग लागलीय! डाव्या पायाला!"

मामंजी सवयीने धावत जाऊन सळई घेऊन आले. आणि चादर जिथे सपाट होती, तिथे बघत उभे राहिले.