नुसतं अकरा

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत तुम्हाला मुद्दाम सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. या मंगळवारी मात्र तसं घडलं. आज शुक्रवार आहे आणि दवाखान्यात कुणी वजनांचं रजिस्टर उघडलं की मी अजून हातातलं काम सोडून तिकडे बघते.

आपलं स्वयंपाकघर आठवतं. नवी मापं नुकतीच आली होती, आणि तुम्ही कंपाउंडर, म्हणून ती गल्लीत सगळ्यांत आधी आपल्या घरी आली. आईच्या दुधाच्या गंजावर, तेलाच्या बरणीवर तुम्ही कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मिलिलिटरच्या रेघा मारल्या. छटाक, पावशेर हे शब्द घरात बंद. आई हिंगाची डबी हातात घेऊन मला म्हणायची, "तुह्या बाबाले विचार, वरणात किती मिलिग्राम टाकू." मी हसायची, तुम्ही नाही. एका रविवारी बरणीत तेल किती उरलं ते तुम्ही मला पाहायला सांगितलं. मी दहा वर्षांची. आतूनच ओरडले, दोन. तुम्ही हातातली कात्री खाली ठेवली. "दोन काय? दोन हत्ती?" मग त्या हळू आवाजात, जो मला रागापेक्षा जास्त लागायचा, म्हणालात, "आकडा एकटा सोडू नको वं पोरी. एकटा आकडा कोणाच्याही घरी जाते."

फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तुमचा औषध मोजायचा काचेचा ग्लास मला दिलात. एका बाजूला औंस, दुसऱ्या बाजूला मिलिलिटर. औंसाच्या रेघा तुम्ही घासून काढल्या होत्या. तिथे काच अजून धुरकट आहे. मंगळवारीही तोच ग्लास माझ्या हातात होता.

त्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या, म्हणून बाळांची वजनं मीच घेत होते. आमचा काटा जुना, पौंडांचा. पौंड वाचायचे, किलो करायचे आणि मगच रजिस्टरात आणि चिठ्ठीवर लिहायचं, हा नियम. काटोलची एक बाई सासूला घेऊन आली होती. तिच्या बाळाला झटके येऊन गेले होते. काट्यावर अकरा दिसलं. ते मी दोन्हीकडे तसंच लिहिलं, रांग सरली की किलो करू म्हटलं आणि पुढचं मूल काट्यावर घेतलं. तासाभरानं तीच चिठ्ठी डॉक्टरांकडून माझ्या औषधांच्या खिडकीवर आली. औषध किलोमागे किती, ते त्यांनी लिहिलं होतं. मी अकरानं गुणलं. दोनदा तपासलं. गुणाकार बरोबर होता.

बाई बाटली घेऊन गेली. नंतर खिडकीशी एक मूल आईचं बोट धरून उभं राहिलं. त्याच्या चिठ्ठीवर दहा किलो होतं. ते मूल उभं होतं, बाबा. काटोलचं बाळ अजून मान धरत नव्हतं. अकरा पौंड म्हणजे पाच किलो. मी दुपटीहून जास्त औषध दिलं होतं, आणि ते औषध जास्त झालं तर बाळ झोपतं आणि त्याचा श्वास मंदावत जातो.

बरोबर मापाची बाटली भरायला सात मिनिटं लागली. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. रिक्षा करून बसस्थानकावर पोचले. काटोलची गाडी सुरू होऊन उभी आहे. खिडकीत ती बाई, मांडीवर बाळ. झोपलेलं. मी त्याची छाती बघते. वर येते. थांबते. पुन्हा वर येते. मी विचारते, औषध पाजलं का.

"नाही वं बाई. इथं चमचा कुठं आहे? घरी जाऊन पाजीन."

शेजारची सासू तिला म्हणते, "तिथं दवाखान्यात मान वर करून पाहे नाही, अन् आता गाडीपावेतो धावत आली." बाईनं विचारलं, "काहून, काय झालं?" मी म्हणाले, बूच सैल होतं. जुनी बाटली घेतली, नवी दिली. कंडक्टरनं घंटी मारली.

परत येऊन रजिस्टर उघडलं. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, बाजूला बरोबर आकडा आणि सही, हे तुमचंच शिकवणं. मी खोडलं नाही. त्याच पेनानं अकराच्या पुढे 'पौंड' लिहिलं. त्या पानावर सगळीकडे किलो आहेत, पौंड एकच. तीन दिवस मी याच भीतीत आहे, की कुणाची तरी नजर तिथे थांबेल.

पण हे लिहिता लिहिता चिठ्ठी आठवली. चिठ्ठी बाईकडेच आहे. तिच्यावर अजून नुसतं अकरा आहे. बाटली महिन्याची. ती संपली की बाई तीच चिठ्ठी काटोलच्या एखाद्या दुकानात दाखवेल, आणि तिथला माणूसही गुणाकार बरोबर करेल.

तिचा पत्ता रजिस्टरात आहे. उद्या डॉक्टरांना सांगावं लागेल आणि तिला पत्र टाकावं लागेल. तुमचं हे पत्र इथेच राहील. बाईच्या पत्राचा कागद शेजारी घेतला आहे. बूच सैल नव्हतं, हे त्यातलं पहिलं वाक्य. ते अजून लिहिलेलं नाही.