दुपारी बंद होणारं दुकान

गा-उलच्या आई,

तू उठायच्या आत निघतोय. तोंडावर बोलायची हिंमत नाही.

काल गा-उलला आणायला शाळेत गेलो, तेव्हा फाटकावरच्या काकांनी विचारलं, "कितवीत आहे?" मी ठासून म्हणालो, "दुसरीत." ती मागेच उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, मी तिसरीत आहे." आणि वर काकांनाच समजावायला लागली, "आमचं चिकनचं दुकान आहे ना, बाबांना वेळच नसतो." मला सांभाळून घेत होती गं पोरगी! माझी मान वर होईना.

संध्याकाळी तिच्यासोबत जेवता यावं म्हणून तर मी कंपनी सोडली. आणि काढलं काय, तर सगळं गाव संध्याकाळीच खातं त्या तळलेल्या चिकनचं दुकान. तू तेव्हाच विचारलं होतंस, "अहो, हे दुकान नक्की कशासाठी काढताय?" मी हसलो. चारचौघांत म्हणालो, "हिला धंद्यातलं काय कळतंय!" तुझा पडलेला चेहरा दिसला होता मला, तरी हसतच राहिलो.

तळणीचं यंत्र आज बाजारातल्या नाम भाऊंना देऊन टाकतोय. सोमवारपासून सकाळी कामावर जाणाऱ्यांसाठी किंबाप करणार, दुपारी दुकान बंद. मिळकत कमी होईल, पण चालवू. भात मला जमतो, पण शेवाळाच्या पानात भरून केलेल्या गुंडाळ्या मात्र सुटतात. तू शिकवशील?

नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त आज रात्रीचा भात मला धरून लाव.

थे-शिक